वाचकांचे प्रश्न : ट्रंकेतल्या वह्या, भिंतीवरच्या ओळी

या खेपेला आलेली बरीचशी पत्रं एकाच प्रकारच्या आयुष्याभोवती फिरतात. चित्रं काढणारं, कविता लिहिणारं, गावोगाव हिंडणारं आणि हिंडता हिंडता कुणाच्या तरी बाजूने उभं राहणारं माणूस. अशा माणसाचा पसारा एका जागी कधीच नसतो. थोडा ट्रंकेत असतो, थोडा कुठल्याशा वस्तीतल्या भिंतीवर, थोडा दुसऱ्यांच्या घरच्या पत्रांत. तो कसा सांभाळायचा, कसा वाचायचा आणि नवं काम करताना काय चुकू द्यायचं नाही, यावरचे प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : माझी आत्या चित्रं काढायची, कविता लिहायची आणि स्त्रियांच्या संघटनेच्या कामासाठी देशात-परदेशात फिरली. तिच्या मागे एका लोखंडी ट्रंकेत तीसेक वह्या, सुटी स्केचेस आणि पत्रं राहिली आहेत. या पावसाळ्यात ट्रंकेला ओल लागली आणि वह्यांवर पांढरी-हिरवी बुरशी दिसते आहे. सगळं गच्चीवर उन्हात घालू का? (दादर)

उन्हात घालू नका. कडक उन्हाने बुरशी मरतेच असं नाही, पण जलरंग आणि शाई मात्र उडते, आणि ओला कागद एका बाजूने पटकन सुकला की वाकडा होतो. आधी वाळवायचं आणि मग झाडायचं, हा क्रम पाळा. ओल्या बुरशीवर ब्रश किंवा फडकं फिरवलं तर ती कागदाच्या तंतूंत घुसते आणि तो डाग नंतर निघत नाही.

खोलीतला पंखा मंद ठेवा, पण त्याचा झोत वह्यांवर येऊ देऊ नका. वही टेबलावर उभी करून पानं पंख्यासारखी थोडी उघडी ठेवा. उभी राहण्याइतका जीव तिच्यात नसेल तर आडवी ठेवून दर दहा-बारा पानांमागे कोरा पांढरा कागद घाला आणि तो ओलसर झाला की बदला. वर्तमानपत्र वापरू नका, त्याची शाई उतरते. जलरंगाच्या चित्रावर टिपकागद दाबू नका. फाउंटन पेनाच्या आणि जेल पेनाच्या शाया पाण्याने पसरतात, त्यामुळे त्या पानांना आधी हात घाला. बॉलपेन आणि पेन्सिल थोडा वेळ थांबू शकतात. भिजल्यावर साधारण ४८ तासांत बुरशी उगवायला लागते. एवढ्या वेळात सगळं उरकणार नसेल तर उरलेल्या वह्या प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून सरळ फ्रीझरमध्ये ठेवा. बुरशी तिथे मरत नाही, पण थांबते, आणि तुम्हाला चार-आठ दिवस मिळतात.

पूर्ण कोरडं झाल्यावर गॅलरीत किंवा गच्चीवरच्या सावलीत बसून, एन-९५ मास्क आणि हातमोजे घालून, मऊ रुंद ब्रशने बुरशी पानाच्या मध्यापासून कडेकडे झाडा. ब्रश नंतर धुऊन टाका. घरात दम्याचा रुग्ण असेल तर हे काम घरात अजिबात करू नका. सॅनिटायझर, व्हिनेगर, फिनेल यांपैकी काहीही कागदावर शिंपडू नका. डांबराच्या गोळ्यांचा बुरशीवर काही उपयोग नाही आणि त्यांचा वास वह्यांना वर्षानुवर्षं सोडत नाही.

आता ट्रंकेविषयी. मुंबईच्या पावसाळ्यात हवेतला दमटपणा ८० टक्क्यांच्या वरच राहतो आणि बुरशीला साधारण ६५-७० टक्के पुरतात. लोखंडी ट्रंक जमिनीवर, बाहेरच्या भिंतीला टेकून ठेवली की रात्री पत्रा गार होतो आणि आतल्या बाजूला दव धरतं. ट्रंकेऐवजी घट्ट झाकणाचे प्लास्टिकचे डबे घ्या आणि ते जमिनीपासून किमान चार इंच वर, आतल्या भिंतीच्या कपाटात ठेवा. डब्यात सिलिका जेल ठेवताना दर घनमीटरला सुमारे २० किलो हा संग्रहालयांतला ठोकताळा आहे. म्हणजे ४० लिटरच्या डब्याला साधारण ८०० ग्रॅम. बाजारात जोड्याच्या खोक्यांतून येतात तसल्या दोन पुड्यांनी काही होत नाही. नारिंगी दाण्यांचं जेल घ्या, निळ्यात कोबाल्टचं विषारी क्षार असतं. दाण्यांचा नारिंगी रंग गेला की ते ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन-तीन तास तापवून पुन्हा वापरता येतं. डब्यात छोटा आर्द्रतामापक ठेवा. काटा ४५ ते ५५च्या दरम्यान हवा. ४०च्या खाली गेला तर अर्धं जेल काढा, नाहीतर कागद ठिसूळ होईल.

दोन गोष्टी हौसेने केल्या जातात आणि त्यांनी सर्वांत जास्त नुकसान होतं. पहिली लॅमिनेशन : ते परत काढता येत नाही. दुसरी फाटलेल्या पानांवर चिकटपट्टी : तिचा गोंद काही वर्षांत पिवळा पडून कागदात मुरतो. पान जोडायचंच असेल तर पातळ जपानी टिश्यू आणि गव्हाच्या स्टार्चची खळ वापरा. कणकेची खळ नको, तिला कसर आणि झुरळं लागतात. जुने बाइंडर कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालत. तीही नको, कारण मोरचुदातलं तांबं कागद आतून कुजवतं. टाचण्या, स्टेपल आणि पेपरक्लिपा काढून टाका. समुद्राच्या खाऱ्या हवेत त्या गंजतात आणि गंजाचं भोक पलीकडच्या चार पानांपर्यंत जातं.

एक मात्र करू नका. वह्या ज्या क्रमाने ट्रंकेत होत्या तो क्रम मोडू नका. उचलण्याआधी मोबाइलवर थराथराचे फोटो काढा आणि प्रत्येक वहीच्या आतल्या कोपऱ्यात मऊ पेन्सिलीने फक्त क्रमांक घाला. कुठलं पत्र कुठल्या वहीत खोचलं होतं, हीच पुढच्या प्रश्नाच्या उत्तराची पहिली किल्ली असते.

प्रश्न : मामांच्या स्केचबुकांवर तारखा नाहीत. काही पानं मुंबईची, काही सिलोनची, काही रशियाची. कविताही मध्येच लिहिलेल्या. कुठली वही कधीची हे कसं ठरवायचं? (गिरगाव)

दोन टोकं शोधायची. ‘याच्या आधीची नाही’ हे एक टोक आणि ‘याच्या नंतरची नाही’ हे दुसरं. दोन्ही टोकं प्रत्येक वेळी मिळतीलच असं नाही, पण जेवढी मिळतील तेवढी पेन्सिलीने नोंदवत चला.

वहीत खोचलेली पाकिटं आधी पाहा. पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर ते १५ ऑगस्ट १९७२ नंतरचं. नुसतं ‘मुंबई २८’ असेल तर बहुधा त्याआधीचं, पण ‘बहुधा’च. पिनकोड आल्यावरही लोक जुन्या सवयीने विभागाचा आकडा लिहीत राहिले. म्हणजे पिन असणं हा पुरावा आहे, नसणं हा पुरावा नाही. तिकिटावर किंवा जुन्या बिलावर ‘नये पैसे’ असं असेल तर तो कागद एप्रिल १९५७ ते १९६४च्या दरम्यान छापलेला. पोस्टाच्या इंग्रजी शिक्क्यात ‘बॉम्बे’ आहे की ‘मुंबई’, याने १९९५ची रेघ ओढता येते. मराठी लिहिणारा मात्र आधीपासून मुंबईच लिहीत होता, त्यामुळे हस्ताक्षरातल्या नावावरून काही ठरत नाही.

मग चित्रं. मुंबईची रस्त्यावरची स्केचेस यासाठी फार उपयोगी पडतात. रस्त्यात ट्रामचे रूळ आणि ट्राम असेल तर ते ३१ मार्च १९६४च्या आधीचं, कारण त्या रात्री मुंबईची शेवटची ट्राम धावली. काळा घोडा चौकात घोड्यावर राजा सातवा एडवर्ड बसलेला असेल तर १९६५च्या आधीचं. त्या वर्षी पुतळा तिथून हलवला आणि तो पुढे भायखळ्याच्या राणीच्या बागेत गेला. चौकात स्वाराविना नुसता घोडा दिसत असेल तर चित्र २०१७च्या नंतरचं. गेटवेसमोर शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा असेल तर जानेवारी १९६१च्या नंतरचं. वांद्र्याच्या किनाऱ्यावरून काढलेल्या समुद्राच्या चित्रात सी-लिंक पूर्ण झालेला दिसत असेल तर २००९च्या आसपासचं किंवा नंतरचं. इथे एक सावधगिरी बाळगा. चित्रकार आठवणीतूनही काढतो. ट्राम बंद झाल्यावर दहा वर्षांनी कुणी ट्राम काढली नसेल असं नाही. जागेवर बसून काढलेल्या चित्रात रेषा घाईची असते, माणसं अर्धवट सुटलेली असतात, कडेला रंगाच्या चाचण्या असतात. तशा पानांवरच तारखेचा भार टाका.

प्रवासाच्या पानांसाठी देशांची नावं बघा. छापील तिकिटावर, व्हिसावर किंवा हॉटेलच्या कागदावर ‘सिलोन’ असेल तर बहुतेक १९७२च्या आधीचं, त्या वर्षी देशाचं नाव श्रीलंका झालं. ‘लेनिनग्राड’ १९९१पर्यंत. ‘म्हैसूर राज्य’ नोव्हेंबर १९७३पर्यंत. जुना पासपोर्ट सापडला तर निम्मं काम तिथेच होतं. शिक्क्यांची यादी करा आणि वह्यांतल्या जागा तिच्याशी जुळवा.

मराठी हस्तलिखितात आणखी एक खूण असते, तिच्याकडे फारसं कुणी बघत नाही. १९६२च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी ‘कांहीं’, ‘नाहीं’, ‘घरांत’ यांवरचे न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. छापील कात्रणांत ही रेघ बऱ्यापैकी स्पष्ट दिसते. हस्ताक्षरात लोक जुनी सवय वर्षानुवर्षं सोडत नाहीत. पण एकाच माणसाच्या वह्यांत अनुस्वार कमी होत जाताना दिसले तर वह्यांचा आपसातला क्रम त्यावरून लावता येतो. वर्ष नाही सांगता येणार, आधी-नंतर सांगता येईल.

हे सगळं चालू असताना पानांचे फोटो नव्हे, स्कॅन करून ठेवा. मजकुराला ३०० डीपीआय (एका इंचात किती ठिपके टिपायचे ते माप) पुरे, छोट्या चित्राला ६०० घ्या. सहा बाय चार इंचाचं स्केच ६०० डीपीआयवर ३६०० बाय २४०० पिक्सेल होतं, म्हणजे टिफमध्ये साधारण २६ एमबी. तीस वह्यांचा हिशेब आधी मांडून मगच हार्ड डिस्क घ्या. फाइलच्या नावात वहीचा क्रमांक आणि पानाचा क्रमांक एवढंच असू द्या, अंदाजाचं वर्ष घालू नका. अंदाज बदलतो आणि मग नावं खोटी ठरतात. तीन प्रती ठेवा, त्यातली एक दुसऱ्या घरी.

प्रश्न : आत्याचं चरित्र लिहायचं आहे. चित्रकार, कवयित्री आणि कार्यकर्ती असे तीन भाग करू की काळानुसार जाऊ? (दादर, वरच्याच वाचक)

तीन भाग करू नका. एकाच प्रवासातून चित्रही आलेलं असतं, कविताही आणि परत आल्यावरचं कामही. तिन्ही वेगळ्या कप्प्यांत टाकलं की त्यांचा एकमेकांशी असलेला धागा तुटतो आणि वाचकाला तीन अर्धवट माणसं भेटतात. अण्णाभाऊ साठे यांचं आयुष्य असं तोडून बघा. वाटेगावहून मुंबईपर्यंतची पायपीट, गिरणगावातली शाहिरी, संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतले फड आणि १९६१चा रशियाचा प्रवास. यातलं एक काढलं की बाकीचं लंगडं होतं.

लिहायला बसण्याआधी मोठ्या कागदावर तक्ता करा. डावीकडे वर्ष, मग चार रकाने : कुठे होती, काय रंगवलं, काय लिहिलं, कुणासोबत काम केलं. भरलेल्या चौकटींपेक्षा रिकाम्या चौकटी जास्त बोलतात. लागोपाठ दोन वर्षं चित्रं नाहीत आणि कविता मात्र भरपूर, तर तिथे काही घडलंय. घर बदललं, आजारपण आलं, रंगांना पैसे नव्हते, काहीही असेल. त्या चौकटी घेऊन तिच्या मैत्रिणींना भेटा.

मुलाखतीला ‘तिच्याविषयी सांगा’ असं विचारलं तर कौतुकाचे चार शब्द मिळतात. वहीचं एक पान पुढे ठेवा आणि ‘ही जागा कुठली, या बाई कोण’ असं विचारा, मग माणूस बोलायला लागतं. एका बैठकीत दीड तासाच्या वर जाऊ नका, समोरचे बहुतेक सत्तरीपुढचे असणार. पंखा आणि टीव्ही बंद, रेकॉर्डर हातभर अंतरावर आणि सुरुवातीलाच तारीख, जागा, नाव आणि ‘हे छापायला माझी हरकत नाही’ हे त्यांच्याच आवाजात. एक तासाचं बोलणं उतरवून काढायला पाच-सहा तास लागतात, तेवढे धरून चला.

प्रश्न : आमच्या वस्तीत, शाळेच्या कुंपणभिंतीवर एक कविता आणि तिच्याभोवती चित्रं रंगवायची आहेत. भिंत १० फूट उंच आणि २० फूट लांब. मुलं आणि बायका मिळून काम करणार. मागच्या वेळी केलेलं चित्र एका पावसाळ्यात पोपडे धरून गेलं. (घाटकोपर)

पोपडे रंगामुळे धरत नाहीत, खालच्या ओलीमुळे धरतात. म्हणून आधी भिंतीची परीक्षा करा. दीड फूट बाय दीड फूट प्लास्टिकचा जाड तुकडा भिंतीवर चारही कडांनी चिकटपट्टीने बंद करा आणि एक दिवस तसाच ठेवा. भिंतीकडच्या बाजूला थेंब धरले तर ओल भिंतीतून येते आहे. तिथे मागच्या बाजूची गळती किंवा जमिनीचा उतार सुधारल्याशिवाय कुठलाही रंग टिकणार नाही. पांढरी पावडर दिसत असेल तर तो खार आहे. तो कोरड्या ब्रशने झाडा, पाण्याने धुतलात तर क्षार पुन्हा आत जिरून परत वर येतात. नवा गिलावा असेल तर २८ दिवस थांबा. काम नोव्हेंबर ते एप्रिलमध्ये करा.

मग जुना सुटा चुना आणि डिस्टेंपर पत्र्याच्या खरवडणीने काढा. हिरवा थर असेल तर ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने घासून स्वच्छ धुवा आणि दोन दिवस वाळू द्या. खड्ड्यांपुरती पांढऱ्या सिमेंटची पुट्टी, त्यावर बाहेरच्या भिंतीचा प्रायमर एक हात, मग बाहेरच्या भिंतींसाठीचं ॲक्रिलिक इमल्शन दोन हात. तुमची भिंत २०० चौरस फूट. दोन हातांना एक लिटर साधारण ५० ते ५५ चौरस फूट जातं, म्हणजे पार्श्वभूमीला चार लिटर आणि प्रायमर दोन ते तीन लिटर. चित्रासाठी काळा, लाल, पिवळा, निळा प्रत्येकी एक लिटर आणि पांढरा चार लिटर. आतल्या भिंतीचा रंग स्वस्त मिळतो म्हणून आणू नका, मागच्या वेळी तेही झालं असण्याची शक्यता आहे. पांढऱ्यात स्टेनर (रंगात मिसळायचा दाट रंगद्रव) घालून लाल-पिवळे बनवले तर ते उन्हाने वर्षभरात फिके पडतात. हे दोन रंग तयार छटेतलेच घ्या.

अक्षरांचं गणित वेगळं. दर दहा फूट अंतराला एक इंच उंची हा पाट्या रंगवणाऱ्यांचा ठोकताळा आहे. रस्त्यापलीकडून, म्हणजे तीस फुटांवरून वाचायचं तर तीन इंच. पण देवनागरीत वर वेलांटी-रफार आणि खाली उकार असतात. म्हणून शिरोरेषेपासून अक्षराच्या तळापर्यंत चार इंच धरा आणि एका शिरोरेषेपासून पुढच्या शिरोरेषेपर्यंत आठ इंच. त्यापेक्षा कमी अंतर ठेवलं की वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत अडकतो. भिंतीचा खालचा अडीच फूट भाग सोडा. तिथे चिखल उडतो, सायकली टेकतात, लोक पाठ लावून बसतात. उरलेल्या साडेसात फुटांत अकरा ओळी गणिताने बसतात, प्रत्यक्षात आठच्या वर जाऊ नका. कविता लांब असेल तर कडवं निवडा.

शिरोरेषेसाठी गेरूत बुडवलेल्या सुताने रेघा मारून घ्या, कारण रेघ वाकडी झाली की अख्खी ओळ घसरलेली दिसते. अक्षरं थेट भिंतीवर काढण्यापेक्षा खाका करा. मोठ्या कागदावर अक्षरं काढायची, रेषेवर अर्ध्या सेंटिमीटरवर सुईने भोकं पाडायची, कागद भिंतीला लावून मलमलीच्या पुरचुंडीत बांधलेली गेरूची पूड त्यावरून थापटत जायची. भिंतीवर ठिपक्यांची ओळ उमटते. ती जोडून भरण्याचं काम दहा वर्षांची मुलंसुद्धा नीट करतात. सहा फुटांच्या वरचं मात्र मोठ्यांनीच, पक्क्या परांचीवर. स्टुलावर स्टूल ठेवून नाही.

परवानगी लेखी घ्या. शाळेची भिंत महापालिकेची असेल तर विभाग कार्यालयाकडून आणि शाळेकडून, खासगी असेल तर संस्थेकडून. महाराष्ट्रात मालमत्ता विरूपणाविरुद्धचा १९९५चा कायदा आहे. हेतू कितीही चांगला असला तरी मालकाच्या संमतीशिवाय रंगवलेली भिंत त्यात येऊ शकते. कवितेचीही परवानगी लागते. कवीच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क वारसांकडे राहतात. केशवसुत १९०५मध्ये आणि बालकवी १९१८मध्ये गेले, त्यांच्या कविता मोकळ्या आहेत. नारायण सुर्वे २०१०मध्ये गेले, म्हणजे २०७०च्या अखेरपर्यंत परवानगी हवी. सर्वांत चांगलं म्हणजे वस्तीतल्याच बायकांनी रचलेल्या ओळी घ्या आणि खाली त्यांची नावं, त्यांना हवी असतील तर, लिहा.

प्रश्न : एका कंपनीने पैसे देऊन माझ्याकडून भिंतचित्र करून घेतलं. आता त्याच चित्राची दिनदर्शिका छापली आहे, नावसुद्धा नाही. दुसरीकडे भिंत रंगवून टाकायचं चाललंय. मला काही बोलता येतं का? (गोरेगाव)

बोलता येतं, पण दोन्ही ठिकाणी वेगवेगळं. १९५७च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ सांगतं की कुणाच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन काढलेल्या चित्राचा पहिला हक्क, उलट करार नसेल तर, काढून घेणाऱ्याचा. त्यामुळे लेखी करार नसेल तर दिनदर्शिका छापण्यावर तुमची पकड कमकुवत आहे. पण कलम ५७चे विशेष हक्क, म्हणजे चित्रकार म्हणून तुमचं नाव आणि तुमच्या लौकिकाला बाधा येईल अशी मोडतोड होऊ नये हा हक्क, विक्रीनंतरही तुमच्याकडेच राहतात. नाव नसल्याची तक्रार या कलमाखाली करा आणि लेखीच करा.

भिंत रंगवण्याबाबत दिल्ली उच्च न्यायालयाचा २००५चा निकाल वकिलाला दाखवा. शिल्पकार अमरनाथ सहगल यांचं विज्ञान भवनातलं ब्राँझचं भित्तिशिल्प काढून गोदामात टाकलं गेलं होतं. न्यायालयाने त्याचे अवशेष परत द्यायला आणि पाच लाख रुपये भरपाई द्यायला सरकारला सांगितलं. प्रत्येक भिंतीला तो निकाल जसाच्या तसा लागू होईल असं नाही.

पुढच्या कामाआधी एका पानाचा करार करा. त्यात चार गोष्टी हव्यात : हक्क कुणाचे, पुनर्मुद्रण कशावर आणि किती वर्षांसाठी, नाव कुठे लिहिणार आणि भिंत पाडण्याआधी वा रंगवण्याआधी किमान ३० दिवसांची सूचना. हक्क लिहून देताना मुदत लिहा. मुदत न लिहिल्यास कायदा ती पाच वर्षं धरतो, आणि प्रदेश न लिहिल्यास भारत. काम संपल्याच्या दिवशी पूर्ण भिंतीचे आणि बारकाव्यांचे फोटो काढून ठेवा.

प्रश्न : मी ज्या बायकांसोबत काम करते त्यांच्यावर कविता लिहिते आणि त्यांची रेखाचित्रं काढते. एका मुलीवर झालेल्या अत्याचाराची कविता आहे. नाव बदललं की पुरे ना? (चेंबूर)

पुरे नाही. लैंगिक अत्याचार सोसलेल्या व्यक्तीची ओळख उघड करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार गुन्हा आहे आणि त्याला दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. मुलांच्या बाबतीत पॉक्सो (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा) आणि बाल न्याय कायद्याच्या तरतुदी आहेतच. ओळख म्हणजे फक्त नाव नव्हे. चाळ, शाळा, वडिलांचा धंदा, भावंडांची संख्या, घटनेचा महिना, यातल्या तीन गोष्टी एकत्र आल्या की वस्तीतल्या कुणालाही कळतं. कवितेत तपशील हवेत हे खरं, पण ते त्या मुलीचे नकोत. जागा बदला, ऋतू बदला, वय बदला, किंवा निवेदन दुसऱ्याच कुणाच्या तोंडी द्या. चेहऱ्याचं रेखाचित्र अशा कवितेशेजारी कधीच नको, दुसऱ्या बाईचं असलं तरी नको. लोक ती हीच असं समजतात.

बाकीच्या बायकांच्या बाबतीत संमती दोनदा घ्या : एकदा काढताना-लिहिताना आणि पुन्हा छापण्याआधी, मजकूर त्यांना मोठ्याने वाचून दाखवून. पहिल्या वेळी ‘हो’ म्हणणाऱ्या काही जणी दुसऱ्या वेळी ‘नको’ म्हणतात. ती कविता वहीतच ठेवायची.

प्रश्न : पावसाळ्यात कोकणात फिरत जलरंगात काम करायचं आहे. किती सामान न्यावं? (कांदिवली)

पाऊण किलोच्या आत बसेल एवढंच. ३०० जीएसएमच्या (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाच्या) सुती कागदाचं ए-५ आकाराचं पॅड, अर्ध्या पॅनच्या (रंगाच्या छोट्या सुक्या वड्यांच्या) बारा रंगांची पत्र्याची डबी, आठ आणि चार नंबरचे गोल ब्रश, जलरोधक शाईचं पेन, जुनं सुती फडकं आणि कागदासाठी झिपची पिशवी. लाल रंग घेताना अलिझरिन क्रिमझन टाळा, तो प्रकाशात उडतो. त्याऐवजी क्विनाक्रिडोन रोझ घ्या.

पावसाळ्यात दोन गोष्टी बिघडतात. एक, रंगाचा थर वाळत नाही. घाटमाथ्यावर पाच मिनिटांचं काम अर्धा तास घेतं. म्हणून थरावर थर देण्याचा हट्ट सोडा, आधी शाईची रेषा आणि वर एकच हलका हात. दुसरं, कागदावरचं सायझिंग, म्हणजे पाणी लगेच जिरू न देणारा खळीचा थर, दमटपणाने खराब होतं आणि रंग टिपकागदासारखा शोषला जाऊन ठिपके पडतात. निघण्याआधी कोपऱ्यावर पाण्याचा थेंब टाका. मिनिटभर तो फुगीर राहिला तर कागद चांगला, लगेच जिरला तर तो कागद पेन्सिलीसाठी ठेवा. रोज रात्री डबी उघडी ठेवून वाळवा, ओल्या पॅनवर दोन दिवसांत बुरशी येते. आणि जागा-तारीख त्याच दिवशी, चित्रामागे, पेन्सिलीने. बॉलपेनची रेघ पुढे उमटते.

प्रश्न : प्रदर्शनासाठी सहा कॅनव्हास आणि थोडे रंग विमानाने परदेशी न्यायचे आहेत. सोबत आजोबांची जुनी चित्रंही. (लालबाग)

टर्पेंटाइन, थिनर, फिक्सेटिव्ह आणि स्प्रेचे डबे कुठल्याच बॅगेत चालत नाहीत, ते तिथेच विकत घ्या. तैलरंगाच्या नळ्या चेक-इन बॅगेत आणि सोबत कंपनीचं सुरक्षा-माहितीपत्रक. चाकू-कटरही त्याच बॅगेत. कॅनव्हास चौकटीवरून काढून गुंडाळताना रंगाची बाजू बाहेर ठेवा आणि नळी किमान सहा इंच व्यासाची घ्या. रंग आत ठेवून गुंडाळला की तो दबून सुरकुततो आणि उलगडताना सुटतो. मध्ये बटर पेपर घाला, बबल-रॅप रंगाला टेकू देऊ नका, उष्णतेत ॲक्रिलिकवर त्याचे गोल छाप उमटतात. जाड थराचं तैलचित्र सहा महिन्यांच्या आतलं असेल तर गुंडाळूच नका. घरून विमानतळाच्या दिशेने लोकलने जाणार असाल तर नळी लगेजच्या डब्यातून न्या.

प्रत्येक चित्राचा फोटो, माप, माध्यम, वर्ष आणि किंमत यांची यादी तीन प्रतींत ठेवा. चित्रं परत आणायची असतील तर एटीए कार्नेट, म्हणजे सीमाशुल्क न भरता माल तात्पुरता नेण्या-आणण्याचं कागदपत्र, घ्या, भारतात ते फिक्की ही उद्योग-व्यापाऱ्यांची संघटना देते आणि ते जास्तीत जास्त वर्षभर चालतं. तिथे एखादं विकलं गेलं तर त्याचं शुल्क वेगळं भरावं लागतं.

आजोबांची चित्रं मात्र निघण्याआधी तपासा. १९७२च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलाकृती बाहेर नेता येत नाही. साहित्यिक वा ऐतिहासिक मोल असलेल्या हस्तलिखिताला ही मर्यादा ७५ वर्षांचीच आहे. म्हणजे चित्र १९४८चं असेल तर अडचण नाही, पण त्याच वर्षाची कवितांची वही सोबत असेल तर आहे. वही घरीच ठेवा आणि तिची स्कॅन प्रत न्या. चित्राच्या वयाबद्दल शंका असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ते पुरावशेष नसल्याचं प्रमाणपत्र आधी घ्या. त्यासाठी चित्र प्रत्यक्ष दाखवावं लागतं, म्हणून तिकीट काढण्याआधी त्या कामाला लागा.